अकराव्या पानावरची सही

आमच्या जबलपूरला थंडी आली हे मला मटारावरून कळते. भाजीच्या गाडीवर बाकीच्या भाज्या एका कोपऱ्यात सरकतात, हिरव्या शेंगांचा ढीग वाढत जातो आणि घरोघरी बायका उन्हात सूप घेऊन बसतात. मीही बसते. नेपियर टाउनमधल्या आमच्या मागच्या अंगणात अकरा ते दोन ऊन असते. पेरूच्या झाडाची सावली भिंतीवर चढेपर्यंत मी खुर्ची तीनदा सरकवते. शेंग फोडली की बारीक आवाज होतो, दाणे पातेल्यात पडतात. दोन शेंगांच्या मधल्या शांततेत, पाठीमागच्या कोठीतून, तो दुसरा आवाज येतो.

गुळुप.

रेवा, निखिल, तुम्ही तिकडे होबार्टला आता उन्हाळ्याचे कपडे घालून बसला असाल आणि हे वाचून हसाल. हसा. तुमची आजी शहात्तर वर्षांची आहे, चौतीस वर्षे तिने शाळेत इंग्रजी शिकवले. भुताखेतांवर तिचा विश्वास नाही. व्याकरणावर आहे, घड्याळावर आहे, आणि ज्या वस्तूची जागा एकदा ठरली ती तिथेच असावी यावर आहे. तरी गेल्या तीन हिवाळ्यांत हा आवाज मी ऐकत आले. पहिल्या वर्षी उठून पाहिले. कोठीत धान्याचे डबे, गुंडाळलेली गादी, इस्त्रीचे टेबल. दुसऱ्या वर्षी उठले नाही, पण हातातली शेंग तशीच राहिली. तिसऱ्या वर्षी मी मटार पुढच्या खोलीत बसून सोलले, आणि तिथे ऊन येत नाही.

तो आवाज खरा होता तेव्हा कशाचा होता, ते आधी सांगते.

तुमच्या आजोबांनी रांझीच्या फॅक्टरीत, तिथल्या प्रयोगशाळेत, सगळी नोकरी केली. तिथे काय बनते ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. घरी आणली ती एकच गोष्ट: करणारा तो तपासणारा नाही. ज्याने काम केले त्याने स्वतःच्याच कामावर ‘ठीक’ असे लिहायचे नाही. दुसऱ्याने पाहायचे, दुसऱ्याने सही करायची. आणि त्या दुसऱ्याने ‘नाही’ म्हटले की पहिल्याने वाद घालायचा नाही. हा नियम आमच्या घरात गॅसच्या टाकीलाही होता. बाहेर निघताना ते नॉब बंद करत, मी हात लावून पाहत असे, आणि दोघे मोठ्याने म्हणत असू, ‘बंद.’ तुम्ही लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा दाराशी उभे राहून आमची नक्कल करायचात. आठवते?

तर निवृत्तीनंतर आम्ही तुमच्याकडे आलो होतो, त्या मार्चमध्ये तुमच्या बाबाने त्यांना हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या बोंडांच्या, शेतावर नेले. उंच तारांवर चढलेले ते वेल, त्यांना लटकलेली फिकट हिरवी बोंडे. आजोबांनी एक बोंड तळहातावर चोळले आणि नाकाशी नेले. घरी पोचल्यावर माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, “सुधा, चाळीस वर्षं नाकात फॅक्टरी बसली होती. आज निघाली.”

जबलपूरला परतल्यावर त्यांनी घरी बिअर करायला घेतली. असले काही आपल्या घरात होईल असे मला कुणी लग्नाच्या वेळी सांगितले असते, तर मी मांडवातून उठून गेले असते. कायद्याविषयी विचारू नका. त्यावरून आमचे जे झाले ते आमच्यातच राहू द्या. ते एवढेच म्हणायचे, “विकून राहिलो काय मी? दहा लिटर तर आहे. चार म्हातारे, दोन रविवार, खतम.”

दुबेजी त्यांना जव आणून देत. दुबेजी म्हणजे फॅक्टरीतले त्यांचे जुने सोबती, अजून रांझीलाच राहतात. जव भिजवायचे, मटकीसारखे मोड आणायचे, गच्चीवर चादरीवर वाळवायचे आणि जाडसर भरडायचे. मग गरम पाण्यात तासभर मुरवत ठेवायचे. थर्मामीटर हातात धरून ते पातेल्यासमोर असे उभे राहत की आत बाळ न्हात असावे. गाळून निघालेले गोड पाणी उकळायचे आणि त्यात तुमच्या बाबाने पाठवलेल्या चंदेरी पाकिटातले हॉप्स टाकायचे. थोडे उकळीच्या सुरुवातीला, कडूपणासाठी. बरेचसे अगदी शेवटी, वासासाठी. “मसाला आधी, कोथिंबीर शेवटी,” ते मला समजावत. थंड झाले की पाण्याच्या मोठ्या कॅनमध्ये भरून यीस्ट घालायचे. झाकणातून सलाईनची नळी काढायची आणि तिचे दुसरे टोक जॅमच्या बरणीतल्या पाण्यात बुडवायचे. आतला वायू नळीतून बाहेर येई आणि बरणीत बुडबुडा फुटे. गुळुप. कॅनला माझी जुनी लोकरी शाल गुंडाळलेली असे, कारण थंडीत यीस्ट झोपते. आठवड्याने, उसळी ओसरली की झाकण उघडून हॉप्सची शेवटची मूठ टाकायची. ही मूठ उकळायची नाही. तिचा सगळा वास पाण्याला मिळतो, आणि तो वास टिकत नाही. दोनतीन महिन्यांत बिअर राहते, वास जातो. ठेवून काही उपयोग नाही, वेळेवरच प्यायला हवी.

मी आयुष्यात घोटभरही घेतलेली नाही. पण नियम तो नियम, तपासणारी मी. माझी तपासणी नाकाने. लांबट वहीत प्रत्येक पानावर खाली दोन घरे आखलेली: केले, तपासले. आजोबांनी मला बिअरचे रोग शिकवले होते, जशी मी मुलांना शुद्धलेखनाच्या चुका शिकवायची. शिळ्या ताकाचा वास आला तर जंतू शिरले. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा लागली. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळी कमी पडली. दहा पाने मी ‘पास’ लिहिले, आणि दहाही वेळा खरे लिहिले.

मग साथीचा तो ताप आला. आजोबा त्यातून उठले, पण त्यांचे नाक उठले नाही.

डॉक्टरांनी सांगितले होते की रोज वास घेत राहा, कधी परत येईल सांगता येत नाही. मी पाच छोट्या बरण्या केल्या. लवंग, कापूर, हिंग, कॉफी, संत्र्याची साल. प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. रोज सकाळी दात घासून झाले की ते खुर्चीत डोळे मिटून बसत आणि मी एकेक बरणी नाकाखाली धरत असे. “नाही.” “नाही.” “नाही.” हिंगालाही नाही. एकदा त्यांनी डोळे न उघडता विचारले, “हा कापूर होता ना?” मी आनंदाने ओरडलेच, “हो!” ते म्हणाले, “वास नाही आला गं. तू कापराच्या वेळी हात थोडा दूर धरते. नाकाला झोंबू नये म्हणून.”

त्या पाच बरण्या मी अजून धुतलेल्या नाहीत. कॉफीचा दगड झाला आहे.

त्या थंडीत त्यांनी अकरावी दहा लिटर करायला घेतली. मी म्हटले, “अहो, वास येत नाही तर कशासाठी?” तर म्हणाले, “तुझं नाक आहे ना. माझा हात, तुझं नाक. दोन सह्या आहेतच आपल्या.” आणि यावेळी त्यांनी हॉप्स नेहमीच्या दीडपट घेतले. “वासच वास पाहिजे यात. दुबेच्या नाकात दम आला पाहिजे.” संक्रांतीनंतरच्या रविवारी दुबेजी आणि आणखी तिघे जुने सोबती येणार होते. दोन वर्षांत कुणी कुणाला भेटले नव्हते. चौघांपैकी एकाला दम्याने बाहेर पडणे कठीण झाले होते, तरी तो येणार होता. आजोबांनी ग्लास काढून घासून ठेवले, आठवडाभर आधी.

शेवटची मूठ टाकायच्या दुपारी त्यांनी मला कोठीत बोलावले. झाकण उघडले. “सांग,” ते म्हणाले. मी वाकले आणि सांगितले. इंग्रजीची बाई आहे मी, शब्दांची कमतरता नाही. म्हटले, संत्र्याची साल नखाने खरवडावी तसे. त्याच्याखाली पावसात भिजून उन्हात वाळलेल्या गवताची गंजी. आणि अगदी शेवटी कैरीचा चीक. ते एकेक शब्द ऐकत होते आणि त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या, जणू मी बोलले की ते आत जात होते. “चीक,” ते पुन्हा म्हणाले. “वा.”

हे मी इतके तपशिलाने का सांगते आहे ते पुढे कळेल.

त्या वर्षी मराठी मंडळाचे हळदीकुंकू आमच्याकडे होते. साथीमुळे दोन वर्षे झाले नव्हते, आणि मी मंडळाची अध्यक्ष. शुक्रवारी तीसेक बायका यायच्या होत्या. बुधवारी मंडळाच्या कुंदाताई वाणाच्या वस्तू ठेवायला आल्या. कुंदाताईंचे नाक आणि जीभ, दोन्ही कधी रिकामी नसतात. उंबऱ्यातच थांबल्या.

“वहिनी, काही आंबलंय काय घरात? कडू-गोड वास येऊन राहिला.”

“इडलीचं पीठ असेल,” मी म्हटले.

“येवढं पीठ? हॉटेल उघडून राहिल्या काय? पाठक भाऊजी वेटर, अच्छा जमेल!”

त्या हसल्या, मीही हसले. त्या गेल्या आणि मी घरभर फिरले. कोठीचे दार, स्वयंपाकघराचा ओटा, बैठकीचा पडदा. मला सगळीकडे तोच वास येऊ लागला. मला तीस बायका दिसू लागल्या, हातात तिळगूळ, कपाळावर कुंकू, आणि सगळ्यांची नाके वर. पाठकबाईंच्या घरात दारू गाळतात. जिने चौतीस वर्षे मुलींना रांगेत उभे राहायला शिकवले तिच्या घरात.

आजोबा कोठीतून हाक मारत होते. बाटल्या भरायची वेळ झाली होती.

त्यांनी ग्लासात थोडी काढली आणि माझ्यापुढे धरली. रंग जुन्या मधासारखा, कडेला पांढरा फेस. मी वास घेतला. रेवा, दहा वेळा मी त्या वहीत सही केली होती, पण असा वास एकदाही आला नव्हता. सबंध संत्रे कुणी माझ्या तोंडासमोर सोलले असते तरी इतके संत्रे झाले नसते. आणि मी म्हटले, “आंबलंय.”

“काहून?” ते म्हणाले. “कसं आंबलंय?”

“आंबलंय, म्हणजे आंबलंय.”

“असं नको सांगू. व्हिनेगर, की ताक?”

खोटे बोलणाऱ्याला तपशील द्यावे लागतात. मला तेही येत होते, त्यांनीच शिकवले होते. मी म्हटले, “शिळं ताक. आणि खाली ओला पुठ्ठा.”

त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि गिळला. माझ्याकडे पाहिले. मी कॅनकडे पाहत होते. मग त्यांनी वही उघडून पुढे केली, पेनाचे टोपण काढून दिले. मी ‘नापास’ लिहिले. कारणाच्या जागी ताक, पुठ्ठा लिहिले. खाली सही केली, नेहमीसारखी, पूर्ण नाव.

कॅन त्यांनी एकट्याने उचलला. “मी धरू का?” मी विचारले. “नको.” मागच्या अंगणात पेरूच्या बुंध्याशी त्यांनी तो वाकडा केला. दहा लिटर ओतायला बराच वेळ लागतो, हे मला तोवर माहीत नव्हते. तळाचा हॉप्सचा हिरवा गाळ शेवटी भसकन पडला. मातीवर फेस उभा राहिला, मग एकेक बुडबुडा विझत गेला. त्यांनी कॅन धुतला, नळी धुतली, जॅमची बरणी पुसली. मग दुबेजींना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, सगळे ऐकू येत होते.

“दुबे? अरे यार, माल रिजेक्ट हो गया... नहीं नहीं, पूरा लॉट... अब इन्स्पेक्टर ने मना कर दिया तो कर दिया भैया, अपील थोड़ी है... हाँ, सबको बोल देना. फिर कभी.”

हसत हसत बोलत होते. फोन ठेवल्यावर हसू बंद झाले, तेही ऐकू आले.

शुक्रवारी बायका आल्या. गजरे, अत्तरदाणी, उसळ, कॉफी. मागचे दार वाऱ्याने उघडले आणि कुंदाताई थांबल्या. “वहिनी, मागे काय लावलंय हो? कसला सुंदर वास येतोय, संत्र्याचा!” दोघीतिघी उठून अंगणात गेल्या. “पेरूजवळ येऊन राहिला. काही खत घातलं काय?” आजोबा तेव्हा त्या दारातच उभे होते, अत्तरदाणी भरून आणायला मी त्यांना सांगितले होते म्हणून. त्यांनी त्या बायकांकडे पाहिले, झाडाकडे पाहिले. त्यांना कसलाच वास येत नव्हता. “हो,” ते म्हणाले, “खत घातलं.”

त्यानंतर त्यांनी काही केले नाही. पातेली, नळी, बाटल्यांना झाकण लावायचे यंत्र, सगळे खोक्यात भरून वर चिठ्ठी लावली. मी विचारले, “पुढच्या थंडीत?” ते म्हणाले, “हात गेला असंल सुधा. नाकाबरोबर हातही जातो बहुतेक.” हे वाक्य मी ऐकले. तेव्हाच सांगता आले असते. चहा गाळत होते, गाळून झाल्यावर सांगू असे वाटले. मग चहा झाला, मटार संपले, चैत्र आला, कुठल्याही दिवशी सांगता आले असते म्हणून कुठल्याही दिवशी सांगितले नाही. श्रावणात ते गेले. दुपारी पेपर वाचता वाचता, चष्मा नाकावर.

त्यानंतरच्या थंडीत आवाज सुरू झाला.

गेल्या पावसाळ्यात, रेवा, तुझा फोन आला. तू स्क्रीनवर वाकून बसली होतीस आणि मागून निखिल तोंडे वेडावत होता. तू तिकडे गॅरेजमध्ये बिअर करायला लागली होतीस, तुला आजोबांची वही हवी होती. मी एकेक पानाचा फोटो काढून पाठवला. अकरा पाने. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन.

“आजी, नंबर इलेव्हन. मी तीनदा चेक केलं. रेसिपी परफेक्ट आहे. टेम्परेचर, टाइम, सगळं. मग खराब काहून झालं?”

काहून. तुझा बाबा हा शब्द विसरला, तू कधी जबलपूरला महिनाभरापेक्षा जास्त राहिली नाहीस. हा शब्द तू त्यांच्याकडूनच उचलला असणार, कुठल्या तरी सुट्टीत, पेरूखाली. त्याच जागी तोच प्रश्न, त्याच शब्दाने. मी म्हटले, “बघून सांगते.” निखिल मागून ओरडला, “आजी, तू फेल केलं आजोबांना! टीचर होती ना!” तू त्याला चापट मारलीस. लहान मुले खरे बोलतात असे म्हणतात. निखिल आता एकोणीस वर्षांचा आहे, तरी बोलतो.

फोन ठेवून मी वही पुन्हा उघडली. फोटो काढताना मी पानाची पुढची बाजूच पाहिली होती. यावेळी पान उलटले.

मागच्या बाजूला एक बारीक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. आंबटपणा मोजायची, प्रयोगशाळेत असते ती. रंग उडून गेला होता, पण खाली त्यांचे अक्षर होते, शिसपेन्सिलीने, नेहमीसारखे उजवीकडे कललेले.

‘आम्लता ४.४. आंबट नाही. कडूपणा उत्तम. शुक्रवारी हळदीकुंकू.’

एवढेच.

मी ती ओळ उभ्यानेच वाचली. मग खुर्ची घेतली. बिअरला जंतू लागले तर ती आंबट होते आणि पट्टीवर आकडा खाली येतो, हे त्यांनीच मला सांगितले होते. नाक गेले होते, जीभ होती. तो घोट गिळून त्यांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हाच त्यांना कळले होते. मी फोडणी देत असताना त्यांनी कोठीत पट्टी बुडवली असेल, वाळवली असेल, डिंक लावून चिकटवली असेल. आणि मग कॅन उचलला असेल. किंवा ओतून आल्यावर, ग्लासात उरलेल्या थेंबात. कोणते आधी, ते वहीत नाही.

तर सात महिने आम्ही दोघे एका घरात राहिलो, दोघांनाही माहीत होते, आणि दोघेही गॅसच्या टाकीशी उभे राहून मोठ्याने ‘बंद’ म्हणत होतो. ‘हात गेला असंल’ हे त्यांनी मला सांगितले तेव्हा ते वाट पाहत होते का? एका वाक्याची? मला वाटते, पाहत होते. मला हेही वाटते की त्यांना खरोखर तसे वाटू लागले असेल. पट्टीने आंबटपणा कळतो, संत्रे कळत नाही. वासाचे त्यांना फक्त मीच सांगू शकत होते, आणि मी सांगितले होते, ताक.

दिवाळीला तुमचा बाबा आला. त्याच्या बॅगेत तुझे चंदेरी पाकीट होते, वर मोठ्या अक्षरात ‘आजी, नंबर ११’. मी ते फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीखाली ठेवले. महिनाभर ते तिथे होते. मटार काढताना हाताला लागायचे.

मग मी दुबेजींना फोन केला. जव पाहिजेत म्हटले.

“भाभीजी, जौ? सत्तू बनाना है?”

“नाही. साहेबांचं काम आहे. अकरा नंबरचं.”

ते स्कूटरवर मागे पोते बांधून आले. अठ्ठ्याहत्तर वर्षे, डोक्यावर मफलर, त्यावर हेल्मेट. मला पातेले उचलवत नाही म्हणून तेही थांबले. मी थर्मामीटर धरून उभी राहिले, ते स्टुलावर. “भाभीजी, तीन डिग्री ज़्यादा हो गया.” “दुबेजी, चश्मा लगाइए.” “लगाया है.” तीन डिग्री जास्तच होते. मी गॅस कमी केला. उकळी आल्यावर वाफेने खिडकी पांढरी झाली. दुबेजी मफलरच्या टोकाने चष्मा पुसत म्हणाले, “उस साल हम लोग आने वाले थे ना. पाठक साहब बोले, लॉट फेल हो गया.”

“फेल नव्हता झाला,” मी म्हटले. “मी केला.”

हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितले. मराठीत सांगितले, पण ते इतकी वर्षे आमच्याकडे येत होते, त्यांना कळते. त्यांनी ‘कशाला’ असे विचारले नाही. “मिश्रा भी आने वाला था,” एवढेच म्हणाले. मिश्रा म्हणजे तो दम्याचा सोबती. तो त्याच उन्हाळ्यात गेला. मी हॉप्स मोजून घेतले, दीडपट, आणि वेळ होताच टाकले.

कॅन कोठीत ठेवला. शाल तीच, सलाईनची नळी नवी. दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात खुर्ची टाकली, सूप मांडीवर घेतले. गुळुप. मी उठून पाहिले. बरणीत बुडबुडा होता.

आज आठवा दिवस. दुपारी शेवटची मूठ टाकली. झाकण उघडून वाकले, आणि सवयीने मोठ्याने सांगू लागले: संत्र्याची साल. ओली गंजी उन्हात. मग थांबले. कैरीचा चीक आला नाही. हॉप्स वेगळ्या सालचे असतील, किंवा ते तीन डिग्री असतील, किंवा माझेही नाक म्हातारे झाले असेल. ती अकरावी होती, ती एकदाच झाली, आणि ती मी पेरूला घातली. आता केलेली ही बारावी. रेवा, तू करशील ती तुझी. अकरावी पुन्हा कुणाला करता येणार नाही, म्हणून हे सगळे लिहून ठेवते आहे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर: काही खराब झाले नव्हते. आजोबांचा हात गेला नव्हता. पाककृतीत काही बदलू नकोस. फक्त तपासणारा नीट निवड. निखिलला निवड, तो तोंडावर बोलतो.

संध्याकाळी वही घेऊन बसले. चूक दुरुस्त करण्याचाही फॅक्टरीत नियम होता, त्यांनी मला पहिल्याच पानावर शिकवला होता. शब्द गिरवून झाकायचा नाही, खरवडायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचे वाचता आले पाहिजे. बाजूला बरोबर ते लिहायचे आणि दोघांनी पुन्हा सही करायची, करणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने. त्याशिवाय दुरुस्ती धरत नाहीत.

मी फूटपट्टी लावून ‘नापास’वर रेघ मारली. शब्द खाली वाचता येतो. शेजारी ‘पास’ लिहिले. ताक आणि पुठ्ठा यांवरही रेघ मारली आणि लिहिले: संत्र्याची साल, गवत, कैरीचा चीक. खाली सही केली, पूर्ण नाव. दुसऱ्या सहीची जागा सोडली.

तेवढ्यात कोठीतून आवाज आला. आठव्या दिवशी येतो तो, हॉप्स टाकल्यावर पुन्हा जरा उसळी येते, त्याचे कारण वहीत चौथ्या पानावर दिले आहे. गुळुप. मी पेन हातात धरून बसून राहिले. आवाजाला सही म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. ती जागा रिकामीच आहे. वही मी मिटलेली नाही, टेबलावर उघडी ठेवली आहे, आणि पेनाचे टोपण काढून.